वाचकांचे प्रश्न : नव्या मल्टी-पंपला पंप किती मारायचे?

प्रश्न : ताई, नमस्कार. लहानपणी साताऱ्याकडच्या जत्रेत फुगे फोडले, तेवढाच माझा आणि बंदुकीचा संबंध. गेल्या महिन्यात .२२ ची (५.५ मिलिमीटरची) नवी मल्टी-पंप एअर रायफल घेतली, म्हणजे दर गोळीआधी हातानं अनेक पंप मारून हवा भरायची. पुस्तिकेत कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ८ पंप असं लिहिलंय. पहिल्याच शनिवारी घरामागच्या अंगणात १० यार्डांवर कागद लावला आणि चाळीसएक पेलेट मारले. कधी ३ पंप, कधी ५, कधी ८. कागदावर तळहाताएवढा पसारा झाला. कमी पंपांना गोळी खाली लागते, जास्त पंपांना वर. दोनदा तर पंप मारताना हवा सूंऽ करून निघूनच गेली. शेवटी दंड भरून आले. मित्र म्हणतो, परत दे आणि पीसीपी (आधीच हवा भरून ठेवलेली बंदूक) घे. अकरा वर्षांचा मुलगा रोज विचारतो, ‘बाबा, माझा नंबर कधी?’ बायको काळजीत आहे. बंदूक वाईट निघाली की माझंच काही चुकतंय?
— एक वाचक, मनरोव्हिल, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : बंदूक परत देऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यात मला तरी बंदुकीचा दोष कुठे दिसत नाही. कंपनीचं नाव तुम्ही कळवलंत, पण माझं उत्तर त्यावर अवलंबून नाही. या जातीच्या सगळ्याच बंदुकांना ते लागू आहे.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण तुमचा पहिला शनिवार आणि माझा पहिला शनिवार बराचसा सारखा आहे. मी कोल्हापूरची. नेमबाजी शिकले ती नळी मोडून भरायच्या बंदुकीवर, स्प्रिंगच्या. पुढे नोकरी केली ती इथे, तुमच्या घरापासून फार लांब नाही. टर्टल क्रीकच्या खोऱ्यात रेल्वेच्या एअर ब्रेकचे व्हॉल्व्ह तपासायचं काम सव्वीस वर्षं केलं. जॉर्ज वेस्टिंगहाउसनं १८६९ साली ज्याचं पेटंट घेतलं, त्याच ब्रेकचा हा पुढचा अवतार. दाबलेली हवा, रबरी सील, गळती यांत माझा दिवस जायचा. तरीही मल्टी-पंप हातात घेतली ती गेल्या ऑक्टोबरमध्ये, पहिल्यांदाच. नवी कोरी, .२२ ची, तुमच्यासारखीच ३ ते ८ पंपांची.

पहिला पंप मारला तेव्हा मला आमच्या कोल्हापूरच्या स्वयंपाकघरातला रॉकेलचा स्टोव्ह आठवला. आतलं चामड्याचं वायसर सुकलं की पंप नुसताच आतबाहेर व्हायचा, दाब धरायचा नाही. मग आई दांडा बाहेर काढून वायसरवर खोबरेल तेलाचा थेंब सोडायची, बोटानं कडा जरा फाकवायची आणि पुन्हा बसवायची. दोन हात मारले की हाताला दाब लागायचा. तुमच्या बंदुकीत नेमकं हेच चालतं. पुढच्या लाकडाखालचा दांडा उघडला की पंपाच्या नळीत हवा येते. मिटला की ती हवा एका व्हॉल्व्हमधून पुढच्या छोट्या कोठीत ढकलली जाते, आणि तो व्हॉल्व्ह तिला मागे येऊ देत नाही. पुढचा पंप त्याच कोठीत आणखी हवा कोंबतो. चाप ओढला की आतला हातोडा दुसऱ्या व्हॉल्व्हवर आपटतो आणि साठलेली सगळी हवा पेलेटच्या मागून एका दमात सुटते. गोळी गेली की कोठी रिकामी. पुन्हा पहिल्यापासून.

आता तुमची सूंऽ करून गेलेली हवा. बहुतेक वेळा याचं कारण साधं असतं. बोल्ट (नळीमागचा सरकता खिट्टा) मागे ओढून हातोडा चढवलेला नसतो. हातोडा स्प्रिंगच्या जोरानं व्हॉल्व्हवर टेकून बसलेला असला आणि कोठीत हवा नसली, तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि तुम्ही भरलेली हवा नळीतून निघून जाते. आधी बोल्ट मागे, मग पंप, पेलेट सगळ्यात शेवटी. ही सवय हाताला लागू द्या. त्यानंतरही हवा राहिली नाही, तर पुस्तिकेत सांगितलेल्या तेलाचे एक-दोन थेंब पंपाच्या फेल्टवर (तेल धरणाऱ्या लोकरी चकतीवर) सोडा. गॅरेजमध्ये असतो तो डब्ल्यूडी-४० मात्र मारू नका. असल्या पातळ द्रावणांनी सील सुजून निकामी झालेली मी नोकरीत किती पाहिली, त्याला मोजमाप नाही. दुकानात परत न्यायची वेळ आली तर ती या दोन्ही गोष्टी करून झाल्यावर.

आता कागदावरच्या पसाऱ्याबद्दल, कारण तुमचं मन तिथेच खट्टू झालंय. आमच्या क्लबात गोळीचा वेग मोजायचं यंत्र आहे. माझ्या बंदुकीत १४.३ ग्रेन वजनाचे गोल डोक्याचे पेलेट घालून मोजलं. ३ पंपांना सेकंदाला साधारण ४४० फूट, ५ पंपांना ५४०, ८ पंपांना ६३०. तुमच्या बंदुकीचे आकडे थोडे वेगळे येतील, पण चढण अशीच असेल. तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत दर पंपाला ५० फूट वाढले आणि पाचव्यापासून आठव्यापर्यंत दर पंपाला फक्त ३०. हाताला लागणारा जोर मात्र उलटा वाढत जातो. सहावा पंप दांड्यावर अंग टाकायला लावतो, आठव्याला दात आवळले जातात.

वेग कमी म्हणजे गोळीला हवेत वेळ जास्त, आणि तेवढा वेळ ती खाली पडत असते. या आकड्यांवरून हिशेब केला तर तुमच्या १० यार्डांवर ३ पंपांची गोळी ८ पंपांच्या गोळीपेक्षा एक सेंटीमीटरहून थोडी जास्तच खाली लागते. २५ यार्डांवर हाच फरक साडेसात-आठ सेंटीमीटरवर जातो. साइट (नेम धरायची खूण) एकच, नेम एकच, तरी हे होणारच. म्हणजे तुमच्या कागदावर एक वाईट ग्रुप (एका नेमानं मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) नव्हता. तीन बऱ्यापैकी ग्रुप एकावर एक पडले होते. त्यात नव्या नळीतलं कारखान्याचं तेल आणि दमलेले दंड यांची भर पडली. पहिल्या पन्नासएक पेलेटवरून तर मी कुठल्याच नळीबद्दल मत बनवत नाही.

वेग आणि हिशेबापेक्षाही एक गोष्ट मला त्या पहिल्या दिवशी जास्त जाणवली, आणि तीच तुम्हाला आवर्जून सांगायची आहे. नेमबाजीला श्वास शांत हवा. अर्धा श्वास सोडायचा, थांबायचं, त्या थांबण्यात चाप मागे आणायचा. कोल्हापुरात आम्हाला हे पेलेट न घालता महिनाभर करायला लावलं होतं. मल्टी-पंप मात्र नेमाच्या आधी तुमच्याकडून अंगमेहनत करून घेते. आठ पंप मारून बंदूक खांद्याला लावली की छातीची धडधड थेट पुढच्या माशीत, म्हणजे नळीच्या टोकावरच्या साइटमध्ये, दिसते. मी पाहिली. माशी काळ्या वर्तुळाच्या खालच्या काठावर ठोक्यागणिक उडत होती. मी चाप ओढला आणि गोळी पांढऱ्यात गेली. दुसरीही तिथेच. मग बंदूक टेबलावर ठेवली, खुर्चीत बसले, पाणी प्यायले. पुढच्या गोळीला ५ पंप मारले, दांडा मिटला, बंदूक खाली धरूनच तीन श्वास घेतले आणि मगच गालाला लावली. त्या पाच गोळ्या २५ सेंटच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या.

म्हणून माझं तुम्हाला सांगणं एवढंच. पुढचे तीन शनिवार पाचच पंप. चार नाहीत, सहा नाहीत. एका शनिवारी वीस पेलेट, चार कागदांवर पाच-पाच. मागची साइट त्या पाच पंपांसाठी लावा आणि नंतर तिला हात लावू नका. दर गोळीआधी तीन श्वास. वीस गोळ्यांना तासभर लागला तर लागू दे. या बंदुकीची खरी गोडी मला त्या तासातच कळली. प्रत्येक गोळी आपल्या हातानं कमावलेली असते, त्यामुळे ती उगाच उडवावीशी वाटत नाही. पीसीपीत हवा आधीच भरलेली असते, २०० बार आणि त्याहून जास्तही. ती सुंदर बंदूक आहे, मी स्वतः वापरते. पण तिच्याबरोबर वेगळा हातपंप किंवा कॉम्प्रेसर आलाच, आणि दुपारभरात शंभर पेलेट कसे संपले ते कळत नाही. शिकणाऱ्याला मी आधी तुमचीच बंदूक देईन.

दोन-तीन बारीक गोष्टी पत्राच्या ओघात राहून जातील म्हणून इथेच लिहिते. दांडा पूर्ण उघडा आणि पूर्ण मिटा. अर्धवट पंप म्हणजे अर्धी हवा, आणि गोळीगणिक वेग बदलतो. मिटताना बोटं दांडा आणि नळी यांच्या फटीत येऊ देऊ नका. माझ्या करंगळीवर आठवडाभर निळा डाग होता. दुर्बीण लावायची घाई करू नका, कारण पंप मारताना दुसऱ्या हातानं जिथे पकडायचं नेमकी तिथेच ती येते. उघड्या साइटचा कंटाळा आलाच तर मागे भोकाची पीप साइट लावा. आणि आवाज. हवेची बंदूक म्हणजे गुपचूप चालणारी, असा समज असतो. ५ पंपांना पुस्तक जोरात मिटल्यासारखा आवाज येतो, ८ पंपांना वाळकी फळी मोडल्यासारखा. शेजाऱ्याच्या कानावर तो पडणार.

आता मुलगा आणि बायको. बायकोची काळजी रास्त आहे, आणि तिचं उत्तर बोलण्यातून देऊ नका, व्यवस्थेतून द्या.

आपल्याच पिट्सबर्गकडची गोष्ट सांगते. १८०३ च्या ऑगस्टअखेर मेरिवेदर लुइस आपली प्रसिद्ध पश्चिमेची मोहीम घेऊन पिट्सबर्गहून ओहायो नदीतून निघाला. तीनेक मैलांवर ब्रुनो बेटाशी थांबला, तेव्हा लोकांना आपली हवेची बंदूक दाखवावी म्हणून त्यानं ५५ यार्डांवर सात गोळ्या मारल्या. मग बंदूक दुसऱ्याच्या हातात दिली. त्या माणसाला तिची माहिती नव्हती. ती चुकून सुटली आणि ४० यार्डांवर उभ्या असलेल्या एका बाईच्या हॅटमधून गोळी गेली, कानशिलाला चाटून. बाई कोसळली, रक्त वाहू लागलं. सगळ्यांना वाटलं, गेली. सुदैवानं जखम वरवरची होती. लुइसच्या रोजनिशीच्या अगदी पहिल्या नोंदीत हे आहे. नवखा माणूस, भरलेली हवा आणि आसपास मोकळे फिरणारे लोक. दोनशे वर्षांपूर्वी जे झालं ते तुमच्या अंगणातही होऊ शकतं, इतकंच मला म्हणायचं आहे.

तेव्हा पुढच्या शनिवारच्या आधी तुमच्या नगरपालिकेच्या पोलिसांकडे चौकशी करा. अंगणात हवेची बंदूक चालवायला परवानगी आहे का, हे प्रत्येक गावाच्या नियमावर असतं. पेनसिल्व्हेनियात १८ वर्षांखालच्यांना एअर रायफल विकता येत नाही, आणि रस्त्यावरून किंवा सार्वजनिक जागेत ती चालवता येत नाही. अंगणात मनाई असेल तर क्लब शोधा. परवानगी असेल तर कागदामागे नुसतं लाकडी कुंपण असून चालणार नाही. जाड खोक्यात जुनी मासिकं गच्च भरा, किंवा इलेक्ट्रिशियन वापरतात ती डक्ट सीलची लांबी (फटी बुजवायचा मऊ लगदा) थापून पेटी करा. त्या लांबीत पेलेट रुतून बसतं, उसळत नाही. आणि खोक्याच्या मागे, नेम चुकला तरी कोणी येणार नाही अशी जागा हवी. डोळ्यांवर चष्मा सगळ्यांच्या, बघणाऱ्यांच्याही. नंतर हात साबणानं धुवायचे, कारण पेलेट शिशाचे असतात. मुलाच्या हातात मी शिशाऐवजी टिनचे पेलेट देईन.

मुलाला आत्ताच घ्या, पण पहिल्या दिवशी त्याला गोळी नाही. पहिल्या दिवशी त्यानं तुमच्या शेजारी उभं राहून मोठ्यानं म्हणायचं : बोल्ट मागे, एक, दोन, तीन, चार, पाच. पंप तुम्ही मारा. मोजणं त्याचं. तुम्ही विसरलात तर त्यानं थांबवायचं. एक गोष्ट त्याच्या मनावर पक्की ठसवा. पेलेट घातलेलं नसलं तरी पंप मारलेली बंदूक भरलेलीच असते. कोठीतली हवा हळूच परत काढून घेता येत नाही, ती सुरक्षित दिशेला सोडूनच रिकामी करावी लागते. म्हणून जेवायची हाक आली, फोन वाजला, तरी पंप मारलेली बंदूक टेबलावर ठेवून कोणी उठायचं नाही. जुने लोक सील मिटलेली राहावी म्हणून एक पंप हवा ठेवून बंदूक कपाटात ठेवतात, काही पुस्तिकांतही तसं सांगतात. तुमच्या पुस्तिकेत तसं असलं तरी घरात अकरा वर्षांचा मुलगा आहे तोवर कपाटाला कुलूप आणि पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत.

तिसऱ्या शनिवारचे चार कागद मला पाठवा. मुलानं मोजलेले पाठवलेत तर जास्त आनंद होईल.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे, पुण्यात १० मीटर रायफल शिकते. आमच्या क्लबच्या कपाटात एक जुनी जर्मन रायफल आहे. बाजूचा दांडा एकदाच ओढायचा आणि मारायची. सर म्हणतात, ही पण पंपाचीच. मग मल्टी-पंप आणि ही एकच का? आणि ती वापरली तर माझं नुकसान होईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : घराणं एक, स्वभाव वेगळा. तुझ्या कपाटातली एका पंपाची. तिच्यात हवा किती भरायची हे कारखान्यानंच ठरवून दिलंय. कमी नाही, जास्त नाही, त्यामुळे वेग गोळीगणिक जवळजवळ तोच राहतो. अशा जर्मन बंदुकांपैकी वाल्थरची एलजीआर १९७४ साली आली, फाइनवेर्कबाउची ६०० मालिका १९८४ साली. त्याच वर्षी लॉस एंजेलिसला १० मीटर एअर रायफल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये खेळली गेली. तेव्हाच्या स्पर्धांत याच जातीच्या बंदुकांचा दबदबा होता. पुढे पीसीपी आल्या आणि या कपाटात गेल्या. मल्टी-पंप मात्र स्पर्धेसाठी जन्मली नाही. ती अमेरिकेतल्या शेतावरची, घरामागच्या अंगणातली. सेंट लुइसची बेंजामिन, १९४७ पासूनची विस्कॉन्सिनच्या रासीनची शेरिडन, १९६६ ची क्रॉसमन ७६० ही तिची माहेरची नावं.

नुकसान कसलं? सील धड असतील तर सरांना विचारून ती जरूर बाहेर काढ. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का पुढे-मागे दोन्हीकडे बसतो, पेलेट अजून नळीत असतानाच. या बंदुकीत तो नाही. गोळी चुकली तर दोष कुठे, हे लगेच कळतं. दांडा ओढल्यावर श्वास खाली बसेपर्यंत थांबायची सवय लागेल, तीही तुझ्या कामाची. १० मीटरच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याला घाई चालत नाही.

प्रश्न : डिसेंबरमध्ये भारतात जातोय. नाशिकला वडिलांना निवृत्तीनंतर छंद हवाय. माझी .२२ ची मल्टी-पंप त्यांच्यासाठी सामानातून नेऊ का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : नेऊ नका. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार विनापरवाना ठेवता येते ती .१७७ पर्यंतची, म्हणजे ४.५ मिलिमीटरची, आणि २० ज्यूलपर्यंत जोर असलेली हवेची बंदूक. तुमची .२२, म्हणजे ५.५ मिलिमीटर. ती तिथे परवान्याच्या यादीत जाते, मग जोर कितीही कमी असो. विमानतळावर ती बॅगेतून निघाली, तर वडिलांच्या छंदाची सुरुवात कस्टमच्या टेबलावर होईल. त्यांना तिथल्याच दुकानातून .१७७ ची साधी नळी मोडायची बंदूक बिलासकट घेऊन द्या, आणि पेलेटचे दोन चांगले डबे. शक्य असेल तर पहिले दोन आठवडे जवळच्या रायफल क्लबात नाव घाला. साठीनंतर सुरू केलेले दोन गृहस्थ आमच्या क्लबात आहेत. दोघंही सकाळी सात वाजता हजर असतात.